नोकरी गेली आहे, सगळा पीएफ काढून टाकू का?

मोशीकर
९ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतो, लिहायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

वय ४१. चाकण पट्ट्यातल्या एका कंपनीत मार्च २०१६ पासून क्वालिटीला होतो. ३१ मेला आमची लाइन बंद झाली आणि तेवीस जणांकडून राजीनामे लिहून घेतले. तेव्हापासून घरी आहे. दोन इंटरव्ह्यू झाले, दोन्हीकडे "कळवतो" म्हणालेत.

घरचा हिशोब असा. फ्लॅटचा हप्ता १४,२००. मुलगी नववीत, फीचा दुसरा टप्पा १९,००० सप्टेंबरात. क्रेडिट कार्डावर ९२,००० थकलेत. त्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आणि खरं सांगायचं तर जून-जुलैचा किराणाही आहे. बायको डबे देते, त्यातून सात-आठ हजार सुटतात. बँकेत ४१ हजार.

पीएफच्या पासबुकात माझा हिस्सा ३,३१,६४०, कंपनीचा १,३९,८७० आणि पेन्शनच्या रकान्यात १,३८,७५०. मित्र म्हणतो तिन्ही काढ, सहा लाख होतात, कार्ड फेड, उरलेल्यात हप्ते भर, नोकरी लागली की पुन्हा जमा होतंच. बायको म्हणते फंडाला हात लावायचा नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणून झोप नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

---

नगरी_तडका
१० ऑगस्ट, सकाळी ७:१५

काढा आणि मोकळे व्हा. पैसा अडचणीला नाही तर कधी? मी २०२० मध्ये कोविडची उचल घेतली होती, तीन महिन्यांचा पगार मिळाला, दुकान वाचलं. साठीनंतरचं साठीनंतर बघू, आधी साठी गाठू द्या.

---

टाइमऑफिसवाले_काका
१० ऑगस्ट, सकाळी ९:०३

मोशीकर, मी भोसरीत तीस वर्षं टाइम ऑफिसला काढली. माणसं घाईत फंडाचे कागद भरतात आणि नंतर हळहळतात, हे टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. म्हणून आधी तीन गोष्टी सांगा.

एक, ग्रॅच्युइटी मिळाली का? तुम्ही लिहिलेल्या हिशोबात ती कुठेच नाही.

दोन, पीएफच्या पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्ट्री'त नोकरी सोडल्याची तारीख पडली आहे का?

तीन, बेसिक किती होता? पहिल्यापासून १५ हजार तरी होता का?

तोवर कुठलाही फॉर्म भरू नका. विशेषतः १०सी, म्हणजे पेन्शनचे पैसे काढायचा.

---

मोशीकर
१० ऑगस्ट, सकाळी ९:४०

काका, शेवटचा बेसिक २१,०००. पहिल्यापासून १५ हजार तरी होताच. नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नाही, एचआरला दोनदा फोन केला. ग्रॅच्युइटीबद्दल विचारलं तर म्हणाले, तुम्ही राजीनामा दिलाय, मॅनेजमेंट ठरवेल. म्हणून ती मिळायची नाही असंच धरून चाललो होतो.

---

टाइमऑफिसवाले_काका
१० ऑगस्ट, सकाळी ११:२८

मॅनेजमेंटने ठरवायचा प्रश्नच नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा आहे. पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. हिशोब करू: शेवटचा बेसिक २१,०००, गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षं ९. होतात १,०९,०३८ रुपये. तुमच्या कार्डाच्या थकबाकीपेक्षा जास्त, आणि तुम्ही ते धरलेच नव्हते!

काय करायचं: फॉर्म आय भरून रजिस्टर एडीने कंपनीला पाठवा, पोचपावती जपून ठेवा. पैसे देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचे असतात, उशीर केला तर व्याजासह. तरी हालले नाहीत तर ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्याला वकील लागत नाही. अर्जाला उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण आता आणखी उशीर करू नका.

आता पेन्शनचा रकाना. ते १,३८,७५० बघून सगळ्यांचा डोळा तिथे जातो. दर महिन्याला कंपनीच्या हिश्श्यातून १,२५० पेन्शन योजनेत गेले, असे १११ महिने. एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यावर पीएफसारखं व्याज चढत नाही. १०सी भरून काढलेत तर एका तक्त्यावरून रक्कम ठरते, तुमच्या बाबतीत दीड लाखाच्या आसपास. पण मग ती नऊ वर्षं पेन्शनच्या खात्यातून पुसली जातात.

१११ महिने म्हणजे ९ वर्षं ३ महिने. पेन्शनला १० वर्षं लागतात, पण सहा महिने किंवा जास्त झाले की पुढचं वर्ष पूर्ण धरतात. म्हणजे ९ वर्षं ६ महिने झाले की दहा धरली. तुम्हाला तीन महिने कमी पडताहेत. फक्त तीन. पुढची नोकरी लागली, जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, दिला, तीन भरणे पडले की आयुष्यभराच्या पेन्शनचा हक्क पक्का.

---

नगरी_तडका
१० ऑगस्ट, दुपारी १२:०५

काका, मान आहे तुमचा, पण पेन्शन किती ते पण सांगा की. पेन्शनसाठी धरतात तो पगार १५,०००, गुणिले १० वर्षं, भागिले ७०, झाले २,१४३ रुपये महिना. तेही सतरा वर्षांनी! तेव्हा २,१४३ मध्ये गॅसची टाकी तरी येईल का?

---

टाइमऑफिसवाले_काका
१० ऑगस्ट, दुपारी १:३०

टाकीचं काय ते तेव्हा बघू. मुद्दा बरोबर आहे, ही पेन्शन मोठी नाही, आणि पेन्शनधारक संघटना वर्षानुवर्षं त्याच्यासाठीच भांडताहेत. पण दहा वर्षांवर थांबायचं कोण म्हणालं? ५८ पर्यंत काम केलं तर यांची २६ वर्षं होतील. वीसच्या वर सेवा झाली की दोन वर्षं बक्षीस मिळतात, ती धरून २८. १५,००० गुणिले २८ भागिले ७०, म्हणजे ६,०००. यांच्यामागे बायकोला निम्मी. आज दीड लाख घेऊन हे मोडायचं असेल तर मोडा, पण हिशोब करून मोडा.

---

शेगावचा_बंटी
१० ऑगस्ट, दुपारी ३:११

भाऊ, बायको म्हणते ते आयका. माह्या बापानं गिरणीचा फंड काढून बहिणीचं लग्न केलं, एक म्हैस घेतली. म्हैस मेली. मंग म्हातारपणी दर महिन्याले माह्याकडे हात पसरताना त्याले किती जड जायचं ते मी पाह्यलं हाय. बस इतकंच.

---

कलम_दहा
१० ऑगस्ट, सायं ६:४८

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२, कलम १०. सभासदाच्या खात्यातली रक्कम त्याच्या कुठल्याही कर्जापोटी कोर्टाच्या हुकमानेही जप्त करता येत नाही. पगारावर जप्ती येऊ शकते, बँक खातं गोठू शकतं, पीएफला धक्का लागत नाही.

बिनतारणी कर्जाचे वसुलीवाले फोनवर बोलतात तेव्हा त्यांचा डोळा कशावर असतो? "पीएफ काढा ना साहेब" हे वाक्य मी पक्षकारांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येतं. हात लावायचा कायदा नाही, म्हणून ते तुमच्याच हाताने तो काढवून घेतात. एकदा पैसे बचत खात्यात आले की ते संरक्षण संपलं.

काढूच नका असं म्हणत नाही. घाबरून काढू नका.

---

आकडेमोड
१० ऑगस्ट, रात्री ९:२०

कलम_दहा, पटलं. पण कार्डाचं व्याज थांबवायला कलम १० येत नाही. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज असतं. ९२,००० वर ३,२२० रुपये महिना, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,८०० रुपये. 'मिनिमम ड्यू' भरत राहिलात तर मुद्दल जागचं हलत नाही.

तेच ९२,००० पीएफमध्ये सव्वाआठ टक्क्यांनी वर्षाला ७,५९० मिळवतात. महिन्याला साधारण ६३२. इकडून ६३२ यायचे आणि तिकडून ३,८०० जायचे, हे 'फंडाला हात न लावणं' महिन्याला तीन हजारांना पडतंय. वहिनींची माफी मागून सांगतो, कार्ड पहिलं मारा.

पण सगळं काढणं हा वेगळा विषय. उरलेल्यातले २ लाख वीस वर्षं तसेच राहिले आणि व्याज ८.२५ टक्केच राहिलं असं धरलं, तरी पावणेदहा लाख होतात. ते बचत खात्यात आणून ठेवलेत तर? दिवाळीपर्यंत टिकतात. सांगतो ते स्वतःच्या अनुभवावरून, २०१७ ची दिवाळी.

---

मोशीकर
१० ऑगस्ट, रात्री १०:०२

आकडेमोड, ३,८०० बघून पोटात गोळा आला. स्टेटमेंटवर ते असतं, पण मी खालची मिनिमम रक्कम बघून भरत होतो.

मग कार्डापुरतेच काढता येतात का? की सगळे नाहीतर काहीच नाही?

---

टाइमऑफिसवाले_काका
११ ऑगस्ट, सकाळी ८:१०

येतात. नोकरी जाऊन एक महिना झाला की फॉर्म ३१ मधून पीएफच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते. तुमचा आणि कंपनीचा हिस्सा मिळून ४,७१,५१० आहेत, त्याचे ७५ टक्के म्हणजे साडेतीन लाखांवर थोडे. ही वरची मर्यादा. अर्जात रक्कम तुम्हीच टाकायची, म्हणून लागतील तेवढेच टाका. दोन महिने झाल्यावर फॉर्म १९ भरून सगळे काढता येतात, पण १९ भरला की ते खातं संपलं. तुमची सेवा पाच वर्षांच्या वर आहे, त्यामुळे या रकमेवर कर नाही.

अडचण एकच. सोडल्याची तारीख पडल्याशिवाय हा पर्याय दिसणार नाही. शेवटच्या भरण्याला दोन महिने झाले की ती तुम्ही स्वतः टाकू शकता: 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट', आधारचा ओटीपी, झालं. तारीख नीट बघून टाका, ३१ मे म्हणजे ३१ मेच. एकदा टाकली की तुम्हाला बदलता येत नाही.

---

पोटापुरतं
११ ऑगस्ट, सकाळी १०:३७

एवढं कशाला? 'इलनेस' निवडा, कुणी विचारत नाही. आमच्याकडे सगळे तेच करतात. मी बाइक घेतली त्यात.

---

टाइमऑफिसवाले_काका
११ ऑगस्ट, सकाळी ११:००

तुम्ही काय केलंत ते तुमच्यापाशी. ज्याच्याकडे खरं कारण आणि खरा पर्याय दोन्ही आहेत, त्याला खोटं कारण टाकायला का सांगता? चुकीच्या कारणासाठी उचललेली रक्कम वसूल करता येते. आणि आजारपणाची उचल मिळते फार तर सहा महिन्यांचा बेसिक किंवा स्वतःचा हिस्सा, यातलं जे कमी ते.

---

सुगरण_कारखानीस
११ ऑगस्ट, दुपारी २:१६

माझं रडगाणं ऐका, म्हणजे मोशीकरांचा वेळ वाचेल. माझा क्लेम तीनदा परत आला. पीएफमध्ये माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत सासरचंच पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त. ऑफिसबाहेर एक 'साहेब' उभे असतात, ते म्हणाले पाच टक्के द्या, आठ दिवसांत काढून देतो, फक्त ओटीपी सांगायचा. मी जवळजवळ दिला होता! शेजारी बसलेल्या एका आजींनी कोपर मारलं म्हणून वाचले.

शेवटी जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे मी आणि कंपनीने मिळून दिलेल्या अर्जाने, नाव दुरुस्त केलं. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट'चं शिबिर असतं, तिथे समोर बसून सगळं कळलं. दुरुस्तीनंतर मात्र पैसे पटकन आले. चेकचा फोटो चढवायचीही भानगड एप्रिलपासून गेली आहे.

तेव्हा आधी आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणची नावं अक्षर अन् अक्षर ताडून बघा. वडिलांचं नाव मधे आहे की शेवटी, तेसुद्धा.

---

लेस्टरची_वैशाली
११ ऑगस्ट, सायं ५:५५

अवांतर, पण राहवत नाही. इकडे इंग्लंडात खासगी पेन्शनला ५५ च्या आत हात लावता येत नाही, गंभीर आजारासारखे अपवाद सोडले तर. एप्रिल २०२८ पासून ते वय ५७ होतंय. त्यामुळे अडचणीतल्या माणसांना "आम्ही आत्ताच काढून देतो" म्हणणारे भामटे भेटतात, आणि त्यांच्या नादी लागलं की रकमेवर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसतो. पाच टक्केवाले साहेब जगभर आहेत म्हणायचे.

---

कोल्हापुरी_ठसका
१२ ऑगस्ट, सकाळी ९:२२

भावा, घरात सोनं असंल तर तारण ठेव की. बँकेत ठेव, पतपेढीच्या नादाला लागू नको.

आणि गृहकर्जाच्या बँकेत जाऊन मॅनेजरला भेट. हप्ता चुकायच्या आधी जा, चुकल्यावर नको. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का विचार. आमचा भावजी चुकल्यावर गेला, तर सिबिल आधीच आडवं झालतं.

---

मोशीकर
१२ ऑगस्ट, रात्री ११:०९

सोनं आईच्या पाटल्या तेवढ्या आहेत, त्यांना हात लावणार नाही. बाकी सगळं लिहून काढलंय. आज मार्क एक्झिट केलं, फॉर्म आय रजिस्टर केला. पोस्टातल्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता बघून विचारलं, "तुम्हीपण त्यातलेच का? तुमच्या कंपनीची आजची ही चौथी."

---

नवखा९९
२० ऑगस्ट, दुपारी १२:४०

काका, माझी तीनच वर्षं झालीत, ८० हजार जमलेत, नोकरी सोडलीय. काढले तर कर लागतो म्हणतात, खरं का?

---

टाइमऑफिसवाले_काका
२० ऑगस्ट, सायं ७:१०

खरं. पाच वर्षांच्या आत काढली आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असली तर १० टक्के टीडीएस, पॅन जोडलेलं नसेल तर २०. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर फॉर्म १५जी भरा, कापणार नाहीत. पण पुढची नोकरी लागणार असेल तर काढू नका, नव्या कंपनीच्या खात्यात बदलून घ्या. मागची तीन वर्षं पुढच्यात धरली जातात आणि पाच कधी झाली ते कळतही नाही.

---

पोटापुरतं
१५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:०५

धागा वर काढतोय. परवाची बातमी बघितली का? आता नोकरी गेली तरी वर्षभर पीएफ मिळणार नाही, पेन्शन तीन वर्षं नाही. २५ टक्के कायमचे अडकवले. काका, अजून थांबा म्हणा लोकांना! वेळेवर काढला तेच शहाणे.

---

कलम_दहा
१५ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

अर्धी बातमी वाचून पूर्ण घाबरू नका. १३ ऑक्टोबरच्या पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरलेलं असं: अंशतः काढण्याच्या तेरा वेगवेगळ्या तरतुदी मोडून तीन गट केले. अत्यावश्यक गरजा, म्हणजे आजारपण, शिक्षण, लग्न, दुसरा घराचा, तिसरा विशेष परिस्थितीचा, आणि त्यात कारण सांगावं लागणार नाही. सगळ्यांना सेवेची अट १२ महिने. आतापर्यंत लग्न-शिक्षणाला सात वर्षं लागायची आणि स्वतःच्या हिश्श्याचे निम्मेच मिळायचे. आता कंपनीचा हिस्साही मोजणार.

त्या बदल्यात २५ टक्के शिल्लक ठेवायचे. नोकरी गेली तर ७५ टक्के लगेच काढता येतील, उरलेले १२ महिन्यांनी. आधी सगळे दोन महिन्यांनी मिळायचे, तेवढं लांबलं हे खरं. पेन्शनचे पैसे काढायला दोनऐवजी ३६ महिने. कायमचं अडकवलेलं यात काही नाही.

---

आकडेमोड
१५ ऑक्टोबर, दुपारी १:१४

मला यातलं पेन्शनचं पटतं, २५ टक्क्यांचं अर्धवट पटतं. वर्षभर नोकरी नसलेल्या माणसाला स्वतःच्याच पैशासाठी थांबवायचं, हे मुंबई-पुण्यात हप्ते भरणाऱ्याला जाऊन सांगा. पण 'विशेष परिस्थिती'त कारणच नको, याची मला जास्त भीती वाटते. कारण लिहावं लागायचं तेव्हा माणूस निदान एक मिनिट थांबायचा. आता मोबाइल बदलायलाही निघेल. (पोटापुरतं, तुम्हाला नाही बोललो. बाइक छान असेल.)

मोशीकर कुठे गायब आहेत? शेवटी काय केलं?

---

मोशीकर
१९ ऑक्टोबर, रात्री १०:३१

आहे, आहे. उशिराबद्दल माफी.

फॉर्म ३१ ने १,१०,००० काढले. नवव्या दिवशी खात्यात आले. त्याच दुपारी कार्डाचे ९२,००० आणि वरचं व्याज भरलं, बायकोसमोर कात्रीने कार्ड कापलं. कापताना चिपवर कात्री अडली, मग मुलीने पक्कड आणली. उरलेल्यातून फीचा थोडा भाग गेला. १९ आणि १०सी ला हात लावला नाही.

ग्रॅच्युइटीचं पत्र गेल्यावर एचआरचा स्वतःहून फोन आला, पहिल्यांदाच! आधी म्हणाले हप्त्याहप्त्याने देऊ. काकांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलं होतं तसं फक्त एवढंच म्हणालो, "ठीक आहे, मग मी सरकारी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो." २२ सप्टेंबरला १,०९,०३८ जमा झाले. अगदी शेवटच्या आठासकट. आम्हां तेवीसपैकी सतरा जणांना मिळाले, सहा जणांनी अर्जच केला नाही. त्यातल्या दोघांना मी आता रोज फोन करतोय.

नोकरी १ सप्टेंबरपासून रांजणगावला लागली. पगार आधीपेक्षा सहा हजारांनी कमी, बस पहाटे सव्वापाचला. पहिल्या दिवशी फॉर्मवर जुना यूएएन लिहिला तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "नवीन काढू का सर, पटकन होईल." नाही म्हणालो.

सप्टेंबरचा भरणा परवा पासबुकात दिसला. बायकोने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, पेन्सिलने ११२ लिहिलंय. नोव्हेंबरच्या पानावर आधीच ११४ लिहून त्याला गोल करून ठेवलाय.

---

शेगावचा_बंटी
२० ऑक्टोबर, सकाळी ६:५२

वहिनीले नमस्कार सांगा भाऊ. दिवाळीच्या शुभेच्छा.